दोन चमच्यांमधली गोळी

आमच्या माहेरी गोळी कुणी गिळत नाही. कुटतात. एका चमच्यात गोळी ठेवायची, वरून दुसरा चमचा दाबायचा, कट्कन आवाज आला की अंगठ्याने रगडायचं, मग मधात कालवून चाटायचं. माझ्या आजीच्या घशात म्हणे एकदा गोळी अडकली होती. ती निळी पडली, डोळे फिरवले, शेजारचा माणूस पाठीत धपाटे घालून घालून दमला तेव्हा कुठे गोळी बाहेर आली. त्यानंतर आजी भरपूर जगली, आणि जगली तेवढी वर्षं जेवायला बसलं की हीच गोष्ट सांगत राहिली. परिणाम काय, तर तिची पोरं, पोरांची पोरं, सगळी ताडमाड वाढली पण गोळी दिसली की चमचे शोधतात. लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा नवऱ्याने डोकेदुखीची गोळी पाण्याबरोबर सरळ गिळली, तर मी किंचाळले होते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते यातून झालं आणि त्यात कुणाचीही अक्कल कमी नव्हती. माझी होती थोडी. ते येईलच.

मी आजारी नेमकी कधी पडले हे सांगता येत नाही. ताप असता तर सांगितलं असतं. मी नर्सरीत काम करते, झाडांच्या. रोपं कुंडीत लावणं, खत घालणं, गिऱ्हाइकांची बडबड ऐकणं. एके दिवशी लक्षात आलं की रोप मेलं तरी मला काही होत नाही, आणि जगलं तरी नाही. म्हटलं, दमले असेन. मग भिंगरीचा प्रकार झाला. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, आठ वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ. नवरा ट्रकवर असतो, आठवडा आठवडा घरी नसतो, त्यामुळे तिला शाळेतून आणायचं काम माझं. त्या दुपारी मी गेले नाही. विसरले नव्हते. हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यानेच सगळे जास्त घाबरले. मी खुर्चीत बसून होते. उठायला हवं हे कळत होतं, पण शेजारच्या घरातल्या कुणालातरी उठायला हवं, असं कळत होतं. संध्याकाळी शाळेतली शिपाईबाई भिंगरीला घरी घेऊन आली. पोरीचे डोळे रडून सुजलेले. मी पाहिलं आणि म्हटलं, "हात धू."

त्यानंतर नणंदबाई आल्या आणि भिंगरीला घेऊन गेल्या. माझी नणंद माझ्या नवऱ्यापेक्षा मोठी, पलीकडच्या गावी राहते, मूलबाळ नाही, जीव लावणारी बाई आहे. तिच्याबद्दल वाकडं बोलायचं म्हटलं तरी काही सापडत नाही, हीच तिची खोड. जाताना म्हणाल्या, "तू बरी हो. नवीन वर्गाची शाळा सुरू व्हायच्या आत बरी झालीस तर आणून सोडते. नाहीतर तिकडच्या शाळेत नाव घालते. पोरीची ओढाताण नको." बरोबरच होतं. मी मान हलवली. आपली पोर कायमची जाऊ शकते, हे वाक्य मी मनात चार वेळा म्हणून पाहिलं. ओल्या लाकडाला काडी लावावी तसं झालं. पेटेचना.

खरी भीती ती होती. पोर गेली तर काय, ही नव्हे. पोर गेली आणि मला काहीच वाटलं नाही तर काय, ही.

मला सांभाळायला माहेरहून बाबा येऊन राहिले, आणि डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली. दिवसातून एकच, सकाळी. औषधवाल्याने पट्टीतून कापून कागदी पाकिटात घालून दिल्या. बाबांनी ते पाकीट देवाच्या अंगाऱ्यासारखं दोन्ही हातांनी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्वयंपाकघरातून कट्कन आवाज यायचा. गोळी साधी नव्हती, टणक होती. बाबांचा अंगठा लाल व्हायचा, पण एक कण राहू द्यायचे नाहीत. चमचा माझ्या तोंडापाशी आणून म्हणायचे, "आ कर पोरी." मी चाळिशीला टेकलेली बाई, आ करायचे.

तासाभरात पोटात ढवळायला लागायचं. घाम फुटायचा, हात थरथरायचे, काळीज उगाच धावत सुटायचं. नर्सरीत कोवळं रोप उचलायला जावं तर बोटांतून निसटायचं. मालकीणबाई बघायच्या आणि दुसरीकडे तोंड करायच्या, भली बाई. दुपारनंतर हे सगळं ओसरायचं, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत मी पुन्हा होते तशी. वर नवीन म्हणजे मान वळवली की डोक्यात झिणझिण झटका बसायचा. बाबा विचारायचे, "आज कसं वाटतंय?" मी म्हणायचे, "वाटत नाहीये." ते म्हणायचे, "वाटेल, वाटेल," आणि घाईघाईने उठून काहीतरी आवरायला लागायचे.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा गोळी वाढवली. प्रत्येक वेळी विचारायच्या, "रोज घेता ना? चुकत नाही ना?" बाबा छाती पुढे काढून सांगायचे, "एक दिवस नाही चुकलेला. मी स्वतः देतो." खरंच होतं ते. कशी देता, असं त्यांनी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. घास चावून खाता का, असं कुणी विचारतं का? मग सकाळचं ढवळणं वाढलं आणि संध्याकाळचे झटकेही. रोगापेक्षा इलाज भारी.

रविवारी भिंगरीचा फोन यायचा. ती भडाभडा बोलायची. तिकडे मांजर आहे, तिने पिल्लं घातली, एकाचा कान फाटका आहे. मी "हं" म्हणायचे. एकदा तिने विचारलं, "आई, तू ऐकतेयस ना?" मी म्हटलं, "ऐकतेय." ऐकत होतेच. तिची वाक्यं काचेपलीकडच्या दुसऱ्याच बाईला सांगितल्यासारखी पोचायची. हळूहळू तिचे फोन आखूड होत गेले.

शाळा सुरू व्हायला महिना सव्वा महिना राहिला असेल तेव्हाची गोष्ट. नर्सरीच्या दारात आमच्या रस्त्यावरची पार्लरवाली उभी. हातात कुंडी, कुंडीत लिंबाचं रोप, आणि रोपाची दशा अशी की कुणी इस्त्री फिरवली असावी. पानांच्या कडा जळून तपकिरी, शेंडा मान टाकलेला.

"तुमचं खत भिकार आहे," ती म्हणाली. "पैसे परत करा, नाहीतर नवीन झाड द्या."

ते खत मीच दिलं होतं. पिवळे पिवळे दाणे असतात, मोहरीपेक्षा थोडे मोठे, वर पातळ कवच. मातीत टाकले की पाण्याबरोबर कवचातून थोडं थोडं खत पाझरतं, महिनोनमहिने. मूठभर टाकायचं आणि विसरून जायचं.

"किती घातलंत?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तेवढंच. चिमूटभर जास्त नाही."

"मग?"

"मग काय, विरघळतच नव्हते मेले! आठवडा झाला तरी दाणे तसेच. म्हटलं झाडाच्या अंगी लागणार कसं? मग मी छान कुटून घातले. अगदी पीठ केलं."

एवढं छान तिने कुणाच्या भल्यासाठी काही केलं नसेल. पण मला चढला राग. राग म्हणजे काय, नर्सरीतला नेहमीचा, पाठ झालेला. तोंड आपोआप सुरू झालं.

"कुटून? अहो बाई, ते कवच काय शोभेला असतं का? ते आहे म्हणून थोडं थोडं सुटतं! कवच फोडलंत म्हणजे महिन्यांचं खत एका दिवसात मुळांवर ओतलंत. मुळं जळणार नाहीत तर काय होईल? आणि चार दिवसांनी हाक ना बोंब, मातीत काहीच शिल्लक नाही. आधी जाळायचं, मग उपाशी ठेवायचं. वर म्हणायचं खत भिकार!"

एवढं बोलून मी थांबले. पार्लरवाली काहीतरी म्हणत होती, ओठ हलताना दिसत होते. माझ्या कानात मात्र कट्कन आवाज आला, आमच्या स्वयंपाकघरातला. सकाळी ढवळणं. दुपारी ओसरणं. संध्याकाळी काही नाही. आधी जाळायचं, मग उपाशी ठेवायचं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पंधरा वर्षं मी येणाऱ्या जाणाऱ्याला बजावत आले की दाणे फोडू नका, आणि रोज सकाळी आ करून फोडलेला दाणा चाटत होते. मी पार्लरवालीला नवीन रोप दिलं. फुकट. तिला वाटलं, आपल्या तोंडाचा पराक्रम. वाटू दे.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"कुटून घेता?"

"आमच्याकडे सगळ्याच गोळ्या कुटून घेतात."

त्यांनी कपाळाला हात लावला. स्वतःच्या, माझ्या नव्हे. "हे मी विचारायला हवं होतं," म्हणाल्या. मग कागदावर आकृती काढून सांगत बसल्या. माणसाच्या आतलं एवढं राजकारण मला कुठे माहीत? पोट म्हणे गोळीला फारसं काही करत नाही, भिजवतं आणि पुढे ढकलतं. खरी उचल आतड्यात. आतड्यातून जे रक्त निघतं ते थेट डोक्याकडे जात नाही, आधी यकृताकडे जातं. यकृत म्हणजे माझ्या नवऱ्याच्या भाषेत टोलनाका, आपला वाटा कापून घेतल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. उरलेलं अंगभर फिरतं, त्यातलं थोडं मेंदूत पोचतं. पुन्हा फिरून नाका, पुन्हा कपात, आणि मोडतोड झालेलं मूत्रपिंडांतून बाहेर. म्हणून या गोळीची घडणच अशी, की दिवसभर थोडं थोडं सुटावं, म्हणजे एकीकडून कापलं जातंय तोवर दुसरीकडून येत राहतं आणि रक्तातली पातळी सपाट राहते. आणि ती सपाट राहिली, आठवडे राहिली, तर मेंदू हळूहळू आपली घडी बदलतो. एका दिवसात नाही.

"तुमची पातळी रोज डोंगर चढत होती आणि रोज दरीत पडत होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं गोळी कमी पडतेय, म्हणून मी वाढवत गेले."

"मग आता पातळ औषध द्या. चमच्याने घेण्याचं."

"हे औषध पातळ माझ्याकडे नाही. दुसरं देता येईल, पण ते म्हणजे हे हळूहळू कमी करायचं आणि ते पहिल्यापासून सुरू. त्याचा गुण दिसायला पुन्हा कितीतरी आठवडे."

तोवर शाळा सुरू. भिंगरीचं नाव पलीकडच्या गावच्या शाळेच्या पटावर. मी म्हटलं, "गिळते." त्यांनी गोळी कमी करून दिली आणि बजावलं, मान मागे टाकू नका, घोट मोठा घ्या.

घरी बाबा ओट्यापाशी ते दोन चमचे पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चमचे खाली ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले.

"म्हणजे इतके दिवस मीच तुला..." एवढं बोलून ते स्टुलावर बसले.

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, कारण अशा वेळी तिथे हात ठेवतात हे मला ठाऊक होतं. शर्टाखालची पाठ हलत होती. मी हात तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी गिळायचा सराव सुरू झाला. बाबा म्हणाले, "तू एकटी नाही, मीही शिकतो." टेबलाशी समोरासमोर बसलो, मध्ये उकडलेल्या वाटाण्यांची वाटी. आधी पावाचा मऊ गोळा. मग अर्धा वाटाणा. मग आख्खा. माझा घसा दार लावून बसलेला, पाणी खाली, वाटाणा जिभेवर. बाबांचा वाटाणा नाकात गेला. शिंकून शिंकून बिचारे बेजार. शेजारीण खिडकीतून डोकावली, म्हणाली, "काय चाललंय हो?" बाबा म्हणाले, "जेवण." चौथ्या दिवशी बाबांच्या घशातून पहिला वाटाणा खाली गेला, तर त्यांनी लहान पोरासारखं तोंड उघडून जीभ दाखवली. आजीचं भूत उतरलं होतं. माझं मी दोन दिवसांनी उतरवलं. मग खरी गोळी. जिभेवर ठेवली, भला मोठा घोट घेतला, गेली. बाबा माझ्या गळ्याकडे बघत दमेपर्यंत उभे होते, धपाटे घालायला हात तयार ठेवून.

त्या सकाळी ढवळलं नाही.

बरी झाले, असं म्हणू नका. फक्त वाईट वाटण्याचं वेळापत्रक गेलं. हात थरथरेनासे झाले, रोपं जागच्या जागी बसायला लागली. संध्याकाळचे झटके विरळ होत थांबले. झोप लागायला लागली. एकदा चहा कडू झाला होता आणि तो कडू झालाय हे मला कळलं. मी बाबांना तसं सांगितलं, तर ते एवढे खूश झाले की दुसऱ्या दिवशीही त्यांनी तो मुद्दाम कडूच केला असावा. पण मी वाट बघत होते ती वेगळ्याच गोष्टीची. भिंगरीचा फोटो हातात घ्यायचे, बघायचे. नाक नवऱ्याचं, कपाळ माझं. बस, एवढंच. शाळेचा दिवस जवळ येत होता.

नणंदबाई भिंगरीला घेऊन आल्या ते शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी. ट्रकवरून नवऱ्याचा फोन आला होता, "तुम्ही दोघी ठरवाल ते." पुरुषांचं बरं असतं. भिंगरी दारात उभी राहिली आणि आत यायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पोर उंच झाली होती. मी म्हटलं, "ये." ती आली, जवळ उभी राहिली, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस मऊ होते. मी वाट पाहिली. काही आलं नाही.

बाबांनी चहा केला. नणंदबाईंच्या पिशवीतून तिकडच्या शाळेचा गणवेश डोकावत होता, कोरा, घडीचा.

"रंगाने पुष्कळ बरी दिसतेस," त्या म्हणाल्या. "आतून कसं आहे?"

खोटं बोलता आलं असतं. पोर घरी ठेवायची तर बोलायलाच हवं होतं. बाबा त्यांच्या मागून डोळ्यांनी खुणावत होते, बोल, बोल.

"आतून अजून काही नाही, ताई," मी म्हटलं. "त्रास गेला. पण वाटत असं अजून काही नाही."

नणंदबाईंनी मान डोलावली. रागाने नव्हे, अगदी मायेने. "मग घाई करू नकोस. वर्षभर राहू दे माझ्याकडे. नाव घालायचं सगळं बोलून ठेवलंय. उद्या दाखल करते." त्यांचं बरोबर होतं. पुन्हा त्यांचंच बरोबर. बाबा कपबशा घेऊन आत गेले आणि आतच राहिले.

भिंगरी जमिनीवर बसून पाण्याची बाटली उघडत होती. झाकण घट्ट बसलं होतं. दातांनी प्रयत्न केला, फ्रॉकच्या घोळात धरून पिळलं. मग वर न बघता तिने बाटली नणंदबाईंसमोर धरली आणि म्हणाली, "आई, हे उघड ना."

मी नणंदबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा आधी उजळला, क्षणभरच, असा की मी त्यांना लग्न झाल्यापासून कधी तसं पाहिलं नव्हतं. मग त्यांना मी दिसले, आणि तो विझला.

आणि मला लागलं. इथे, छातीच्या मधोमध, दार बोटावर आपटावं तसं. इतकं की मी खुर्चीचा हात धरला.

"मला लागलं," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण बाबा धावत बाहेर आले. "कुठे? काय लागलं?"

"ती त्यांना आई म्हणाली. मला लागलं."

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकून गं," ती म्हणाली. "चुकून, आई, चुकून, मी परत नाही..." आणि तिने भोकाड पसरलं. मी खाली बसले आणि तिला ओढून घेतलं. तिच्या घामाचा वास आला, रडून गरम झालेल्या डोक्याचा. ती माझी होती आणि ती जाणार होती आणि मला ते सहन होत नव्हतं. मी रडत नव्हते, रडणं अजून कुठेतरी लांब होतं. पण दुखत होतं, चांगलंच दुखत होतं.

"ही जाणार नाही," मी म्हटलं. "ताई, मी हिला देणार नाही."

नणंदबाईंनी मला बराच वेळ निरखलं. "खूप लागलं?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मग ठेव तुझी तू," त्या म्हणाल्या. बाटली त्यांच्या हातात तशीच होती. त्यांनी झाकण उघडलं, बाटली भिंगरीजवळ ठेवली, पिशवी उचलली. गणवेश आत नीट दाबला. बाबा थांबा म्हणाले, जेवून जा म्हणाले, तर त्यांना गाडी गाठायची होती.

दाराशी त्या चपला घालायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पट्टा हाताला लागतच नव्हता. डोळे भरल्यावर पट्टा दिसतो कुठे? मला त्यांचं वाईट वाटलं. तेही वाटलं. भिंगरीला मिठीतून सोडून मी त्यांच्या पायाशी बसले आणि पट्टा लावून दिला.